खाली बसवलेल्या पद्मिनीला तिची चाल परत मिळवून देताना

प्रीमियर पद्मिनी मूळ उंचीपेक्षा दोन-अडीच इंच खाली बसवली की तिची सरळ, चौकोनी रेघ अधिक उठून दिसते, आणि ज्यांना ती तशी आवडते त्यांच्या आवडीशी माझा वाद नाही. माझा आक्षेप आहे तो ती ज्या पद्धतीने खाली बसवली जाते त्या पद्धतीला. पुढच्या कॉइल स्प्रिंगचे दीड-दोन वेढे ग्राइंडरने कापायचे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि संध्याकाळी गाडी मालकाच्या हवाली करायची, असा हा एका दिवसाचा उद्योग असतो. मी माझी गाडी याच अवस्थेत विकत घेतली. पहिल्या आठवड्यात मला वाटले की शॉकॅब्सॉर्बर गेले आहेत; ते बदलले, फरक पडला नाही. मग वाटले की स्प्रिंग फार कडक झाली आहे. तेही पूर्ण खरे नव्हते. खरे कारण कळायला मोजपट्टी घेऊन गाडीखाली झोपावे लागले, आणि जे तेव्हा उमगले त्याच क्रमाने हे काम कसे करावे ते पुढे सांगतो.

खाली बसवलेली गाडी आदळते याचे मुख्य कारण स्प्रिंगचा कडकपणा नसून चाकाला वर जायला उरलेली जागा संपणे हे असते. आधी जागा मिळवायची आणि मग मऊपणाकडे वळायचे, हा क्रम उलटला की खर्च होतो आणि गाडी तशीच राहते. किंबहुना मऊ स्प्रिंग घातल्याने ती अधिक वाईट होते, कारण मऊ स्प्रिंग उरलेली थोडी जागा अधिक लवकर खर्च करते.

हे आकड्यांत पाहिले की नीट पटते. पद्मिनीला पुढे चाक बॉडीला जोडणाऱ्या दोन आर्मची स्वतंत्र रचना, कॉइल स्प्रिंग आणि अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी दांडी) असतो, तर मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. गाडीचे रिकामे वजन सुमारे ९०० किलो आहे. समजा, पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन २०० किलो आहे आणि चाकाजवळ मोजल्यास स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला १.५८ किलो आहे. म्हणजे उभ्या गाडीच्या वजनाने चाकाच्या जागी सुमारे १२७ मिलिमीटर दाब बसलेला असतो. १५.८ या संख्येला या दाबाच्या वर्गमुळाने भागले की गाडीची डोलण्याची नैसर्गिक गती दर सेकंदाला किती आवर्तने आहे ते मिळते. येथे ती १.४ येते. एक ते दीड आवर्तनांच्या दरम्यानची चाल माणसाच्या अंगाला मानवते.

आता साडेसहा कार्यक्षम, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांच्या त्या स्प्रिंगचे दीड वेढे कापले असे धरा. कडकपणा वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून तो ३० टक्क्यांनी वाढून २.०६ होईल आणि आवर्तने १.६ होतील. फरक जाणवेल, पण मणक्याला झटका बसावा इतका तो मोठा नाही. झटका येतो तो दुसरीकडून. भाराखाली दोन वेढ्यांमधले अंतर २५ मिलिमीटर असेल, तर दीड वेढे गेल्यावर स्प्रिंग साडेसदतीस मिलिमीटरने बुटकी होते. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेली असल्याने चाकाजवळ हा आकडा वाढतो. स्प्रिंगची हालचाल चाकाच्या ०.६ पट असेल तर गाडी ६२ मिलिमीटर खाली येते. मूळ गाडीत चाक बफरला (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत ८५ मिलिमीटर वर जाऊ शकत असेल, तर आता उरले २३. पूर्वी बफरला टेकायला चाकावर १३४ किलोंचा जादा दाब यावा लागत होता, आता ४७ किलो पुरतात. रस्त्यावरचा साधा पॅचदेखील तेवढा दाब देतो. म्हणजे गाडी प्रत्यक्षात स्प्रिंगवर चालतच नाही, ती रबराच्या ठोकळ्यावर चालते.

या उदाहरणातले आकडे समजावून सांगण्यापुरते आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपणच काढायचे, आणि कामाची सुरुवात तिथूनच होते.

मोजणी

सपाट फरशी शोधा. टायरमधली हवा ठरलेल्या दाबाला आणा, टाकीत निम्मे पेट्रोल असू द्या, आणि चालकाच्या जागेवर चालकाच्या वजनाइतकी पोती ठेवा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. जमिनीपासूनचे अंतर मोजू नका, कारण टायर बदलला की ते बदलते. मग प्रत्येक बफर आणि तो ज्या जागी आदळतो ती जागा यांच्यातले अंतर मोजा, आणि हेच माप मागच्या बाकावर तीन माणसे बसवून पुन्हा घ्या. मागच्या बाजूचा दुसरा आकडा अनेकांना धक्का देतो. मागच्या दोन्ही पाट्यांचा मिळून कडकपणा दर मिलिमीटरला ४ किलो असेल आणि माणसे व सामान मिळून मागच्या अ‍ॅक्सलवर १८० किलो वाढले, तर गाडी ४५ मिलिमीटर खाली बसते. बफरपर्यंत ४०च शिल्लक असतील, तर कुटुंबासह निघालेली गाडी उभ्या जागीच बफरवर बसलेली असते. पद्मिनी हलकी गाडी आहे. तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने माणसांचे वजन मोठे ठरते, हे मागचे काम करताना सतत लक्षात ठेवावे लागते.

याच वेळी पत्रा तपासा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार वाहते. पाट्यांचे पुढचे टोक जिथे अडकते ती जागा, शॅकलची (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची) जागा, पुढच्या क्रॉसमेंबरचे (आडव्या तुळईचे) बोल्ट आणि शॉकॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठका हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा. बोदा आवाज आला, खपली निघाली, तर सस्पेन्शनचे काम बाजूला ठेवून आधी वेल्डिंग आणि पत्रा करून घ्या. गंजलेल्या बैठकीवर बसवलेल्या नव्या स्प्रिंगला काही अर्थ राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, जी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. पुढची स्प्रिंग पूर्ण काढून चाक रिकाम्या आर्मवर हाताने आणि जॅकने पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत फिरवून पाहायचे. स्प्रिंग काढण्याचे काम जिवावर बेतू शकते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती अचानक सुटली तर हात, जबडा, काहीही मोडते. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, गाडी जॅकवर न ठेवता मजबूत घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, आर्मखाली दुसरा जॅक लावून तो सावकाश उतरवा, आणि स्प्रिंगला जाड साखळीने क्रॉसमेंबरशी बांधून ठेवा. हे साहित्य नसेल तर हा भाग जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

स्प्रिंग निघाली की चाक वर नेताना चार गोष्टी पाहा. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला कुठे घासतो, सरळ असताना आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलेला असताना. ब्रेकचा रबरी होज कुठे ताणला किंवा चिमटला जातो का. बफर काढून ठेवल्यास धातूला धातू नेमका कुठे भिडतो. आणि शॉकॅब्सॉर्बरच्या दोन बैठकांमधले अंतर पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना किती असते. ही दोन मापे लिहून ठेवा, पुढे शॉकॅब्सॉर्बर निवडताना त्यांच्याशिवाय निर्णय घेताच येत नाही. चाक वर जाताना ते आत-बाहेर वळते का, हेही पाहा. टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा) कोन बदलल्यामुळे खाली बसवलेल्या गाडीत खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप ओढले जाते, ते कारण इथेच डोळ्यांना दिसते.

किती खाली

माझे मत स्पष्ट आहे: रोज वापरायच्या पद्मिनीसाठी मूळ उंचीपेक्षा पुढे ३० ते ३५ मिलिमीटर आणि मागे २५ ते ३० मिलिमीटर इतकेच खाली जावे. तेवढ्यानेही गाडीचे रूप बदलते, आणि पुढच्या चाकाला वर जायला निदान ५० मिलिमीटर उरतात. मागे मात्र चालक एकटा असताना ६० ते ७० मिलिमीटर उरायला हवेत.

गतिरोधकांचा विचारही याच टप्प्यावर करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पद्मिनीच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर २,३४० मिलिमीटर आहे. हिशेब केला तर अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडी उभी असताना तिच्या पोटाखालची जागा केवळ ४० मिलिमीटरने कमी होते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाला खाली बसवलेली पद्मिनी सहज ओलांडते. त्रास होतो तो गल्लीत कोणी तरी डांबराचा ढीग ओतून केलेल्या आखूड, उभ्या उंचवट्याचा. तिथे पोटाखालची जागा उंचवट्याच्या पूर्ण उंचीने कमी होते. आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सर्वांत वाईट उंचवटा मोजपट्टीने मोजा. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या भागाची उंची, पूर्ण भरलेल्या गाडीत, त्यापेक्षा दोन बोटे जास्त राहील इतपतच खाली जा.

कायद्याची बाजूही येथेच आटोपतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते आणि त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. पद्मिनी हे नाव १९७४ सालचे. म्हणजे पहिल्या गाड्या त्या वयाला पोहोचल्या आहेत. म्हणून बॉडीला कापाकापी, बैठका हलवणे, मडगार्डच्या कडा ठोकून वळवणे असले काहीही करू नका. या लेखातले प्रत्येक काम बोल्ट सोडून पूर्ववत करता येईल असे आहे, आणि बदलाआधी परिवहन कार्यालयात विचारणा करून घेणे हिताचे आहे.

पुढची स्प्रिंग

कापलेली स्प्रिंग परत लांब होत नाही. गॅस कटरने तापवून खाली बसवलेली असेल तर ती ताबडतोब काढून टाका. तापल्याने पोलादाचे पाणी उतरलेले असते आणि अशी स्प्रिंग पुढेही बसत राहते किंवा एक दिवस मोडते. कापलेल्या स्प्रिंगला रबरी अडकण लावून उंची वाढवण्याचा उपाय बाजारात मिळतो, पण तोही मी सुचवणार नाही, कारण ते रबर दोन वेढ्यांना अडवून स्प्रिंग आणखी कडक करते.

योग्य मार्ग म्हणजे नवी स्प्रिंग वळवून घेणे. भोसरी, चाकण, नाशिकच्या अंबड-सातपूर अशा औद्योगिक वसाहतींमध्ये स्प्रिंग वळवणारे लहान कारखाने चौकशी केल्यास सापडतात. त्यांच्यापैकी जे एक-दोन जोड्या करून देतात त्यांना नेमके आकडे दिले पाहिजेत. ‘पद्मिनीची, जरा मऊ’ असे सांगून चालत नाही. तारेची जाडी, वेढ्याचा मध्यव्यास, कार्यक्षम वेढे, दोन्ही टोकांची ठेवण, मोकळी उंची आणि ठरावीक भाराखालची उंची, इतके कागदावर हवे. कडकपणा काढण्याचे सूत्र शब्दांत असे आहे: तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला पोलादाच्या कातर-गुणांकाने, म्हणजे सुमारे ८,००० किलो प्रति चौरस मिलिमीटरने गुणा, आणि वेढ्याच्या मध्यव्यासाचा घन, कार्यक्षम वेढे आणि ८ यांच्या गुणाकाराने भागा. १३ मिलिमीटर तार, १०० मिलिमीटर मध्यव्यास आणि साडेसहा वेढे यांसाठी उत्तर सुमारे ४.४ किलो प्रति मिलिमीटर येते. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग हीच होती; चाकाजवळचा कडकपणा काढताना तो ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने गुणायचा, म्हणून तिथे १.५८ आला.

जाडीचा चौथा घात आहे हे विसरू नका. तार १३ ऐवजी साडेतेरा झाली तर कडकपणा १६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ‘या मापाची तार नाही, पुढच्या मापाची घालतो’ या उत्तराला होकार देऊ नये. ३० मिलिमीटर खाली बसणाऱ्या गाडीसाठी मूळ कडकपणापेक्षा १० ते १२ टक्के अधिक इतका कडकपणा पुरतो. तो तार जाड करून आणण्याऐवजी वेढे थोडे कमी करून आणणे सोपे जाते, आणि स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर वेढ्याला वेढा भिडण्याआधी बफर काम सुरू करील एवढी मोकळीक उरते. ती मोकळीक हिशेबाने तपासा: तारेची जाडी गुणिले एकूण वेढे, ही स्प्रिंगची पूर्ण मिटलेली उंची, चाक पूर्ण वर असतानाची स्प्रिंगची उंची तिच्यापेक्षा निदान १० मिलिमीटर जास्त हवी. कारखान्याकडून उष्णता-प्रक्रियेनंतर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा) आणि पूर्ण दाबून बसवण्याची क्रिया करून घ्या, नाहीतर नवी स्प्रिंग महिन्याभरात स्वतःच बसते आणि सगळी मापे चुकतात.

बफर आणि शॉकॅब्सॉर्बर

बफर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जुना भरीव रबराचा बफर कठीण होऊन दगडासारखा वागतो. त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा, निमुळत्या आकाराचा बफर बसवा. असा बफर सुरुवातीला मऊ असतो, दबत जाईल तसा कडक होत जातो, आणि स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक दबू शकतो. त्यामुळे तो जणू दुसरी, उशिरा काम सुरू करणारी स्प्रिंग होतो. आताच्या अनेक मोटारींच्या स्ट्रटवर असे बफर असतात आणि सुट्या भागांच्या दुकानात मिळतात; आपल्या बैठकीच्या मापाचा निवडून, टोकाकडून धारदार सुरीने आखूड करून घेता येतो. स्प्रिंग काढून केलेल्या तपासणीत धातूला धातू भिडण्याची जागा कळली होती. बफर पूर्ण दबल्यावर तिथे निदान ८ ते १० मिलिमीटर अंतर उरेल इतकी त्याची लांबी ठेवा. जागा वाढवण्यासाठी बफर काढूनच टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा शेवट वाकलेल्या आर्ममध्ये किंवा फुटलेल्या शॉकॅब्सॉर्बरमध्ये होतो.

शॉकॅब्सॉर्बरच्या बाबतीत लांबी हा पहिला प्रश्न आहे आणि कडकपणा दुसरा. मूळ लांबीचा शॉकॅब्सॉर्बर खाली बसवलेल्या गाडीत कधी कधी बफरच्या आधीच आतून तळाला भिडतो, आणि तो आदळण्याचा आवाज स्प्रिंगचा समजला जातो. आपण लिहून ठेवलेल्या दोन मापांशी ताडून पाहा: शॉकॅब्सॉर्बरची मिटलेली लांबी चाक पूर्ण वर असतानाच्या अंतरापेक्षा निदान १० मिलिमीटर कमी हवी, आणि ताणलेली लांबी इतकी हवी की चाक लोंबते राहिले तरी स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊ नये. गाडी उभी असताना दांडा साधारण मध्यावर असावा. या गाडीसाठी मी दोन नळ्यांचे, तेलावर चालणारे शॉकॅब्सॉर्बर पसंत करतो. जादा दाबाच्या वायूचे एकनळी शॉकॅब्सॉर्बर उत्तम असतात, पण हलक्या गाडीत त्यांचा सुरुवातीचा अडसर बारीक खडबडीत रस्त्यावर हातांना जाणवतो. बसवण्याआधी तेलाचा शॉकॅब्सॉर्बर उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आडवे पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघून जाते. जुळवणी करता येण्याजोगा प्रकार मिळाला तर सर्वांत मऊ खुणेपासून सुरुवात करा, आणि गाडी उंचवट्यानंतर एकापेक्षा जास्त वेळा डोलत असेल तरच एक खूण पुढे जा.

मागचे पाटे

पाट्यांचे काम मला सर्वांत आवडते, कारण इथे मेहनतीचे फळ थेट बसण्याच्या जागेवर मिळते.

आधी ठोकळ्याबद्दल. ३० मिलिमीटरचा, घट्ट बसणारा, मधोमध सेंटर बोल्टच्या डोक्यासाठी खाच आणि वर खुंटी असलेला पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा वाईट नाही. वाईट असते ते दोन ठोकळे एकावर एक रचणे, लाकडाचा किंवा सळई जोडून केलेला ठोकळा घालणे, आणि जुन्याच यू-बोल्टांना कसेबसे आटे मिळवणे. ठोकळ्याची उंची वाढेल तसा अ‍ॅक्सलचा पाट्यांना पिळण्याचा जोर वाढतो. ब्रेक लावताना मागून थरथर येते ती बहुधा यामुळेच.

त्यापेक्षा पाट्यांची कमान कमी करून घेणे मला अधिक योग्य वाटते. जाणता पाटेवाला सगळे पाटे सुटे करून, थंड अवस्थेतच ठोकून त्यांची कमान उतरवतो आणि प्रत्येक पाटा वरच्या पाट्याला नीट बसेल अशी ठेवण देतो. कमान उतरली की पाट्याची दोन टोकांमधली लांबी वाढते, म्हणून मागचा शॅकल मागे झुकतो. तो उभा किंवा पुढे झुकलेला राहणार नाही, आणि पूर्ण भारावर बॉडीला टेकणार नाही, हे पाहून घ्यावे. पाटे काढून टाकून गाडी खाली आणण्याची रीत मात्र चुकीची आहे: कडकपणा घटतो, गाडी बफरवर येते, आणि उरलेल्या पाट्यांवर त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त ताण पडतो.

पाट्यांच्या गाडीत मऊपणाचा खरा शत्रू घर्षण हा आहे. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत. लहान धक्का आला की घर्षण मोडेपर्यंत सगळा गठ्ठा एका जाड लोखंडी पट्टीसारखा वागतो आणि धक्का जसाच्या तसा आत पाठवतो. म्हणून पाटे सुटे झालेले असताना प्रत्येकाचा गंज तारेच्या ब्रशने काढा, खालच्या पाट्यांची टोके किसून गोलसर करा म्हणजे ती वरच्या पाट्यात रुतणार नाहीत, ग्राफाइट मिसळलेला थर द्या, आणि टोकांशी कठीण प्लास्टिकच्या दोन मिलिमीटर जाड पट्ट्या बसवा. केवळ ग्रीस भरू नका. त्यात धूळ मिसळून ते घासून झिजवणाऱ्या पेस्टसारखे होते. पाटे बांधणाऱ्या क्लिपा इतक्याच घट्ट करा की पाटे आडवे सरकू नयेत, पण लांबीच्या दिशेने सरकू शकतील. नवे काही विकत न घेता इतका फरक पाडणारे दुसरे काम मला माहीत नाही.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पाट्यांचा कडकपणा त्यांच्या संख्येच्या पटीत आणि जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. ६ मिलिमीटरच्या पाच पाट्यांचा हिशेब ५ गुणिले २१६, म्हणजे १,०८० येतो. ७ मिलिमीटरच्या तीन पाट्यांचा ३ गुणिले ३४३, म्हणजे १,०२९. कडकपणा जवळजवळ तोच, पण घासणाऱ्या जागा चारच्या दोन होतात. मात्र तेवढ्याच हालचालीत जाड पाट्यावरचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी जास्त पडतो, म्हणून हे काम ईएन ४५ सारख्या स्प्रिंगच्या पोलादात, उष्णता-प्रक्रियेची सोय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

अ‍ॅक्सल खाली-वर झाल्यानंतर प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन तपासा. ठराविक वेगाला पायाखाली घुमल्यासारखी थरथर सुरू झाली तर कोन चुकला आहे. ठोकळ्याखाली योग्य निमुळती पाचर घालून तो जुळवता येतो.

राहिलेले भाग

बुश रबराचेच ठेवा. कठीण पॉलियुरेथेनचे बुश शर्यतीच्या गाडीला शोभतात, इथे ते बारीक कंप आत आणतात. आर्मचे आणि पाट्यांचे बोल्ट गाडी चाकांवर, तिच्या खऱ्या उंचीवर उभी असतानाच अंतिम जोराने आवळा. जॅकवर लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते, चाल अडते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. किंगपिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती खुंटी) आणि आर्मच्या सांध्यांना ग्रीसगनने ताजे ग्रीस जाईपर्यंत भरा. एका बाजूचा सांधा जरी अडखळत असेल तरी नवी स्प्रिंग व्यर्थ जाते.

टायरची बाजूची भिंत हीदेखील स्प्रिंगच आहे. १६५/८० आर १४ मापाच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, १९५/४५ आर १५ ची ८८. दिसायला भारी चाके बसवण्यासाठी आपण ४४ मिलिमीटर हवेची गादी काढून टाकतो, आणि बहुतेक वेळा जड चाकही पदरात पडते. मऊ चाल हवी असेल तर १३ किंवा १४ इंची हलके चाक आणि उंच भिंतीचा रेडियल टायर घ्या. हवेचा दाब दोन-दोन पौंडांनी कमी-जास्त करून पाहा, मात्र टायरवर नेमून दिलेल्या भाराच्या मर्यादेबाहेर जाऊ नका.

यानंतर अलाइनमेंट. खाली बसल्यावर चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टो (वरून पाहताना चाकांची टोके किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते माप) बदलतो. टो जुळवून घ्याच, कारण चुकलेला टो पुढचे टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने खाऊन टाकतो. अँटीरोल बारच्या सांध्यांवर गाडी उभी असताना पीळ नाही हेही पाहा, आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावा.

रस्त्यावरची तपासणी

बफर अजून वापरला जातो आहे का, हे कळण्यासाठी प्रत्येक बफरच्या टोकावर शाडूच्या मातीचा अर्ध्या इंचाचा गोळा चिकटवा. मग नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, पाच-सात किलोमीटर जा. गोळा तसाच असेल तर जागा भरपूर आहे. थोडा चपटा झाला असेल तर बफर क्वचित, हवा तेवढाच काम करतो. पूर्ण पातळ होऊन पसरला असेल तर गाडी अजून खाली आहे किंवा स्प्रिंग अजून मऊ आहे. पुढचा बदल करण्याआधी हीच चाचणी पूर्ण भरलेल्या गाडीत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक फेरीनंतर उंची, हवेचा दाब आणि जाणवलेला फरक त्याच वहीत टिपा. अंगाची स्मरणशक्ती दोन दिवसांत फसवते. शेवटी एखादा घाट उतरून पाहा, कात्रजचा किंवा खंबाटकीचा, कारण वळणावर ब्रेक लावताना मागचे पाटे कसे वागतात ते सपाट रस्त्यावर कळत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, तेव्हा ही फेरी संथच करा.

नवी स्प्रिंग आणि ठोकलेले पाटे पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये पाच ते आठ मिलिमीटर आणखी बसतात, हे गृहीत धरूनच उंची ठरवावी. त्या टप्प्यावर चारही मापे पुन्हा घ्या, यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, टो पुन्हा तपासा. काढलेले मूळ भाग, अगदी मूळ बफरसुद्धा, तेल लावून कापडात गुंडाळा, कुठल्या चाकाचे ते चिठ्ठीवर लिहून बांधा आणि कोरड्या जागी ठेवा.